पाकीट दुधात धुतलं त्याची गोष्ट

...नाही, पण मी काय म्हणतो, पाकीट कोणी दुधात धुतं का? बरं, चामड्याचं असतं तर वाळवलं असतं उन्हात, जळगावच्या उन्हाला काय कमी आहे, पण हे पाकीट म्हणजे पाकीट नाही हो, हे म्हणजे पेन ड्राइव्हएवढं एक यंत्र, आणि तेही केशर घातलेल्या दुधात, वर कुंकू, वर अक्षता, आणि मम्मी म्हणते, ‘मनन, कोरडं करून ठेवलंय हं कपाटात.’ कोरडं करून! अहो, आत सर्किट आहे त्यात, ते काय बदाम आहेत का भिजवून कोरडे करायला?

आता तुम्ही म्हणाल, पहिल्यापासून सांग. सांगतो. तुम्हाला सांगतो, आमचं भांड्यांचं दुकान, आणि दुकानाच्या वर आम्ही राहतो, म्हणजे सकाळी शटर वर गेलं की बादल्या आपटायला सुरुवात, रूपल, माझी बायको, लग्न होऊन आल्यापासून त्या आवाजात स्वयंपाक करते, आणि आमची मुलगी विधी कुकरच्या खोक्यावर वही ठेवून अभ्यास करते. तर रूपलनं पिंप्राळ्यात एक फ्लॅट बघून ठेवला. जास्त काही नाही, दोन खोल्या, ओट्यासमोर खिडकी. त्या खिडकीसाठी मी जे काही साठवलं होतं ते माझ्या मेहुण्याच्या, जिनेशच्या, नादी लागून बिटकॉइनमध्ये टाकलं. आणि ते वाढलं हो! खोटं कशाला बोलू, चांगलं वाढलं. मी म्हटलं, काढून घेतो. जिनेश म्हणाला, ‘जिजाजी, फ्लॅटचा ताबा दिवाळीनंतर ना? मग आत्ता काढता कशाला? आधी सेफ करा. ॲपमध्ये ठेवलं तर हॅकर नेतात. हार्डवेअर वॉलेट घ्या. एकदम सेफ.’

घेतलं. आलं कुरिअरनं. मी हातात धरून जिनेशला फोनवर विचारलं, ‘म्हणजे पैसे आता ह्याच्यात आहेत?’ तर म्हणे, ‘नाही नाही, पैसे ह्याच्यात नसतात, ह्याच्यात फक्त चावी असते.’ मग पैसे कुठे असतात? ‘ते सगळीकडे असतात.’ सगळीकडे! अरे, सगळीकडे देव असतो, त्यालासुद्धा आम्ही जैन स्थानकात जाऊनच आठवतो! पण म्हटलं, असेल. पुण्यात राहतो मुलगा, त्याला कळत असणार. आणि हे यंत्र बिघडलं तर? ‘घाबरायचं नाही, जिजाजी. ते चोवीस इंग्रजी शब्द देतं. नवीन यंत्रात ते शब्द क्रमानं टाकले की सगळं परत. फक्त शब्द कागदावर ठेवू नका, कागद जळतो. मोबाइलमध्ये फोटो काढू नका, मोबाइल चोरीला जातो. स्टीलवर कोरा. परदेशातून खास पत्रा मिळतो.’

आता मला सांगा, आमचा जन्म स्टीलमध्ये गेला. आमच्या दुकानात लोटन बसतो, भांड्यांवर नावं टाकायला, मशीन असं घर्रर्र करतो आणि पाच मिनिटांत ‘यांजकडून सप्रेम भेट’. आणि मी पत्रा परदेशातून मागवू? मी चोवीस वाट्या घेतल्या. एका वाटीच्या बुडाला एक शब्द आणि त्याचा नंबर. एक वाटी चोराला मिळाली तरी तो काय करेल, आमटी पिईल! लोटनला मी एकेक चिठ्ठी द्यायचो आणि परत घेऊन फाडायचो. तो कोरता कोरता थांबला. ‘भाऊ, हाऊ टायगर कोन शे? तुमनं कुत्रं व्हतं का?’ मी म्हटलं, तू कोर. ‘आन हाई लेमन? तिना मांगे सौभाग्यवती लावू का?’ मी म्हटलं, लोटन, बाबा रे, जेवढं लिहिलंय तेवढंच कोर. त्या वाट्या खोक्यात भरल्या, खोकं माळ्यावर ठेवलं, कोणाला एक शब्द सांगितला नाही. तुम्हाला सांगतो, झोप कशी लागली म्हणता... एकदम सेफ!

आणि मग आली धनत्रयोदशी. आमच्याकडे धन धुतात. चांदीची नाणी, दागिने, सगळं दुधानं धुवायचं, पाण्यानं धुवायचं, कुंकू लावायचं. पिढ्यान् पिढ्या चाललंय. आता ते यंत्र तिजोरीत बघून मम्मीनं मला आधी विचारलं होतं, ‘हे काय आहे रे?’ मी काय सांगायला हवं होतं? मोबाइलचं काहीतरी आहे, म्हणायचं. वायफायचं आहे, म्हणायचं. पण जीभ कशी वळली बघा, मी म्हणालो, ‘मम्मी, हात लावू नकोस, हेच आपलं खरं धन आहे.’

धुतलं तिनं! दोनदा धुतलं! खरं धन म्हणून नाण्यांच्या आधी धुतलं.

यंत्र काही चालू होईना, मी जिनेशला फोन लावला. तो हसतोय. ‘जिजाजी, यंत्र गेलं तर जाऊ द्या. नवीन पाठवतो. शब्द आहेत ना?’ आहेत ना, म्हटलं, एकदम सेफ आहेत. चढलो माळ्यावर. खोकं नाही. कुकरच्या खोक्यांमागे बघितलं, गाद्यांमागे बघितलं, तिथे एक मांजर व्यालेली होती, तिनं माझ्याकडे असं बघितलं... खोकं नाही. खाली येऊन विचारलं, ‘मम्मी, माळ्यावर वाट्या होत्या.’

‘त्या होय? पर्युषणात माझी अठ्ठाई झाली ना, तेव्हा प्रभावनेत दिल्या.’

तुम्हाला आमच्यातलं माहीत नसेल तर सांगतो. पर्युषणात मम्मीनं आठ दिवसांचा उपवास केला, तो सुखरूप पार पडला की स्थानकात जमलेल्या गावातल्या-बाहेरगावच्या बायकांना काहीतरी भेट द्यायची, ती प्रभावना. मम्मी म्हणते, ‘मोजल्या तर बरोबर चोवीस भरल्या. चोवीस तीर्थंकर, चोवीस वाट्या. मी म्हटलं, मननच्या मनात देवानंच घातलं.’ आणि डोळ्यांत पाणी आणून माझ्या डोक्यावरून हात फिरवते! तिचा उपवास खरा, तिचा आनंद खरा. खालचे शब्द? ‘ते होय, मला वाटलं कंपनीचं नाव असेल.’

मागून आणा, असं तुम्ही म्हणाल. कशा मागणार? प्रभावना परत मागायची? इंदरचंदजींच्या घरानं, म्हणजे आमच्या पप्पांच्या घरानं, धर्माला दिलेली वाटी परत मागितली, हे संध्याकाळपर्यंत धुळ्याला पोचलं असतं, आणि विधीच्या लग्नापर्यंत कोणी विसरलं नसतं. मग मी काय केलं, भेटायला जाऊ लागलो. सहज. ‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं.’ काहीतरी खायला देतील, वाटीत देतील, वाटी उलटी करून बघू. पण पाहुण्याला स्टीलची वाटी देतं का हो कोणी? आपणच सांगा. काचेची काढतात! प्रत्येक घरी शोकेस उघडायची, काचेची वाटी काढायची, पुसायची, त्यात दिवाळीचा चिवडा. चिवडा खाऊन खाऊन घसा बसला, शब्द एक मिळाला नाही.

धुळ्याला गेलो, ज्योतीमौसीकडे. ती तर दारातच फणफणली. ‘तुझ्या आईनं मला काय म्हणून ती वाटी दिली रे? माझ्या सुनेनं वाचून दाखवलं, लेझी! मी आळशी? मी पहाटे उठून सगळ्या घराचं पाणी भरते!’ आणि सून आत पदर तोंडात धरून हसतेय. मी मौसीच्या पाया पडलो, तिला वाटलं माफी मागतोय, मागतही होतो, पण मनात म्हणत होतो, लेझी मिळाला, लेझी मिळाला. विचारलं, मौसी, शेजारी नंबर कितवा होता? ‘आळशीपणात नंबर पण काढलाय तुम्ही?’ चहा न घेता बाहेर काढलं मला.

शेवटी रूपलला सांगितलं. सगळं. फ्लॅटचे पैसे, यंत्र, दूध, वाट्या. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. मग म्हणाली, ‘तुम्ही नका जाऊ. पुरुष माणसानं वाट्या बघितल्या की कळतं. मी बघते.’ आणि तुम्हाला सांगतो, माझी बायको ह्यांच्या घरी हळदी-कुंकवाला, त्यांच्या घरी पारण्याला, जिथे बोलावतील तिथे जायची आणि जेवणं झाली की पदर खोचून म्हणायची, ‘राहू द्या काकी, भांडी मी घासते.’ शिरपूरपर्यंत गेली. मोरीत बसून एकेक वाटी उलटी करायची आणि घरी येऊन मला शब्द आणि नंबर सांगायची. बोटं फुटली तिची साबणानं. स्वतःच्या खिडकीसाठी लोकांच्या मोऱ्यांमध्ये बसली हो ती, आणि मला लाज वाटली, खरंच वाटली.

एकोणीस मिळाल्या. लेझीसुद्धा तिनंच लावला, मौसीच्या सुनेकडून नंबर काढून. पाच राहिल्या. मी जिनेशला विचारलं, एकोणीस चालतील का? ‘नाही जिजाजी, चोवीसच लागतात. तेच तर सेफ आहे.’ त्याला म्हटलं, तू फोन ठेव. तोवर ताब्याची तारीख आली आणि गेली, बिल्डरनं तो फ्लॅट दुसऱ्याला दिला, आता तिथे त्यांचे पडदे आहेत, हिरवे. पण म्हटलं, हा नाही तर दुसरा मिळेल, पैसे कुठे गेलेत, सगळीकडे आहेत. पाच वाट्या फक्त मिळू देत.

परवा रूपल सांगत आली, त्या पाचही घरच्या बायका एकच म्हणतात. ‘खाली कोणाचं तरी नाव होतं, म्हणून मोडीत देऊन नवीन घेतली.’ कोणाच्या दुकानात? ‘कोणाच्या म्हणजे? तुमच्याच!’

जिना उतरलो की पडलो, मला आठवत नाही. पप्पा गल्ल्यावर बसलेले. मी म्हटलं, पप्पा, मोडीत वाट्या आल्या होत्या? आपल्याच? कुठे आहेत? मला वाटलं, आता म्हणतील, गेल्या भंगारच्या गाडीत. तर पप्पांनी शांतपणे मागच्या फळीवरून काढल्या. पाच. माझ्याच! मी रडायच्या बेतात, पहिली उलटी केली.

बुडात माझं तोंड दिसलं. स्वच्छ, चकचकीत.

पप्पा म्हणाले, ‘चांगला माल होता, वितळायला कशाला द्यायचा? खाली कसली कसली नावं होती, ती लोटनकडून बफ मारून काढून टाकली. कसा आरसा केलाय बघ.’ मी लोटनकडे वळलो, अरे, काय होते ते शब्द, आठव, एक तरी आठव. त्यानं बिचाऱ्यानं खूप विचार केला. ‘भाऊ, माले तो टायगर तेवढा याद शे.’ टायगर माझ्याकडे आहे! टायगर पहिल्या दिवशीच मिळाला होता रूपलला!

पप्पांना ह्यातलं काही माहीत नाही, त्यांना वाटतंय, फ्लॅटचं सगळं ठरलेलं आहे, फक्त मुहूर्त लांबलाय. त्यांनी त्या पाच वाट्या कागदात गुंडाळल्या, दोरी बांधली आणि माझ्या हातात दिल्या. ‘ह्या तूच ठेव. तुझ्या नव्या घराची वास्तुशांत करशील ना, तेव्हा वाटायला होतील.’ मी म्हटलं, पप्पा, पाचच आहेत. तर म्हणाले, ‘मग पाच जणांना बोलव.’

बोलावतो, म्हटलं... घरच नाही म्हटल्यावर पाच माणसं पुष्कळ झाली.