कंडक्टरबरोबर गेलेल्या बाईबाबत

नाव: वर लिहिलंय. आत्ताच विचारलंत, आत्ताच लिहिलंत आणि आत्ताच विसरलात. हवालदार, तुमच्या वयात हे बरं नव्हे. वय: शहात्तर, घरचे म्हणतात त्याप्रमाणे. धंदा: पूर्वी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालणे, सध्या टीव्ही बघणे. राहणार: पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. लिहिता-वाचता येत नाही, सांगता येतं.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, बेपत्ता बाई माझी जोडीदारीण. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. एक टोक माझं, एक तिचं, अशी एकतीस वर्षं गेली. आता ती मुलाकडे राहते. बाहेर बाकावर बसलाय तो मुलगा. तो आणि सून दिवसभर कामावर असतात.

रोज चारला एक जुनी विनोदी मालिका पुन्हा लागते. आम्ही आपापल्या घरी बघतो आणि जाहिराती लागल्या की फोनवर भांडतो. त्यात एक कंडक्टर आहे. तो चहा प्यायला उतरला आणि गाडी त्याला टाकून गेली. तेव्हापासून तो डेपोसमोरच्या बाकावर बसतो आणि बाकाचीच तिकिटं फाडतो. बसणाऱ्याला पूर्ण, उभ्याला अर्धं. मला त्याची बहीण आवडते. ती म्हणते, "एवढी वर्षं गाडीत होतास, गाडीने मागे वळून पाहिलं का?" मी यावर हसून लोळते. जोडीदारीण हसत नाही. म्हणते, "तुझी ती बाई नुसती टोमणे मारते गं. तो बिचारा खरंच वाट बघतोय."

मागच्या महिन्यात कंडक्टरची बहीण पडद्यावर आली तेव्हा तिने विचारलं, "ही बाई कोण गं नवीन?" मला वाटलं, मला डिवचतेय. मागच्या आठवड्यात ती जिना उतरून गेली आणि घर कुठलं ते तिला आठवेना. शेजारणीने आणून सोडलं. मला म्हणाली, "पोराला सांगशील तर तुझं माझं संपलं." मी सांगितलं नाही. का नाही, असं हवालदारांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी पुढचं सांगायला लागले, असं लिहा.

आज पहिल्या जाहिरातीला तिचा फोन आला. म्हणाली, "अगं, कंडक्टर खाली उभा आहे. मला हाक मारतोय." मी म्हणाले, "मग जा की. खिडकीची जागा धर." हे मी थट्टेने म्हणाले. तिकडे दार लावल्याचा आवाज आला. फोन तसाच चालू राहिला. तिच्या घरचा टीव्ही मला ऐकू येत होता. बहिणीचा टोमणा आला, टीव्हीतली मागची माणसं हसली. मी हाका मारत होते. मालिका संपेपर्यंत मी फोन धरून बसले, मग मुलाला लावला. आधी का नाही लावला, तेही तुम्ही विचाराल. ती वर येईल असं वाटलं.

पोलिसांनी इस्पितळं आणि बाजार शोधला. मी म्हणाले, डेपोवर विचारा, फाटकासमोर बाक असेल तिथे. एक जण हसला. त्याच्या बिल्ल्याचा नंबर मी विचारला नाही.

सहा वाजायला आले तेव्हा डेपोवरून फोन आला. एक बाई बाकावर आहे, एका पायात चप्पल नाही, नाव सांगत नाही. गाडीत बसून घरी चला म्हटलं तर म्हणते, कंडक्टर आल्याशिवाय हलणार नाही. हवालदारांनी फोन मला दिला. मी म्हणाले, "अगं, मी." ती म्हणाली, "आपण कोण?" मी फोन परत दिला.

मुलाला मी अजून काही बोललेले नाही. तो मला "मावशी, तुम्ही होतात म्हणून" एवढंच म्हणाला. बाकी त्याला हा कागद सांगेल. त्याला तुम्ही सहीसाठी थांबवलंय, तोवर मी डेपोवर जाते आणि तिच्या शेजारी बसते. ओळखलं तर ठीक, नाही तर तिकीट काढून बसेन.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "थट्टेने" हा शब्द हवालदार गाळत होते, तो मी परत घालायला लावला. आता सांगितलं तसं आहे. अंगठा खाली.

तिने दुपारपासून काही खाल्लेलं नसणार. मागून मऊ भात पाठवा, तिच्या वरच्या दातांचा भरवसा नाही. आणि चहा तीन कप. तिसरा कुणाचा, हे आणणाऱ्याने तिच्यासमोर विचारायचं नाही.