दुधाच्या बाटलीवरचं झुरळ

...नाही, चप्पल हा काय उपाय झाला का, तुम्हीच सांगा! आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, जन्मभर शिलाईची मशिनं दुरुस्त केली, बारीकसा स्क्रू खाली पडला तर आवाजावरून सांगतील कुठे गेला, असा माणूस चप्पल उगारून ओट्यासमोर उकिडवा बसलाय, गुडघे कुरकुरतायत, आणि झुरळ? झुरळ फटीतून मिशा हलवतंय.

झालं काय, की भाची माहेरी आली होती, नुकती रांगायला लागलेली पोरगी घेऊन. दाजींची पहिली नात! ती पुढे, दाजी तिच्यामागे रांगत, अशी घरभर वरात. आणि दुसऱ्याच सकाळी भाची दुधाची बाटली उचलायला जाते तर बुचावर हे महाशय! भाची ओरडली नाही, काही नाही, गप बॅग भरायला लागली. "बाबा, ही जमिनीवरचं सगळं तोंडात घालते. घर साफ झालं की येईन," म्हणाली आणि गेली सासरी. दाजी दारात उभे, हातात खुळखुळा.

मग पेटले दाजी. चप्पल झाली, फवारा आणला. फवारा असा मारला, तुम्हाला सांगतो, की झुरळं राहिली बाजूला, ताईच खोकत खोकत जिन्यात जाऊन बसली. पण झुरळं मेली, सुपली भरून मेली. दाजींनी लगेच फोन लावला, ये म्हणाले, घर साफ. आता भाची पडली जीवशास्त्राची शिक्षिका, ती कसली भुलतेय? तिनं विचारलं, मेलेल्यांत कुणाच्या शेपटाशी कुपी होती का. दाजी म्हणाले, कसली कुपी? झालं, तास सुरू! की बाबा, मादी अंड्यांची कुपी अंगाशी घेऊन हिंडते, पिल्लं फुटायच्या बेताला आली की फटीत ठेवून देते, कुपीला टणक कवच, तुमचा फवारा आत पोचतच नाही. म्हणजे आया मेल्या, पोरं यायचीयत अजून.

आणि आली हो! तिळाएवढी, बिनपंखांची, ओट्याखालून अशी सांडली जशी काही शाळा सुटलीय. एकदा तर पांढरंफटक झुरळ निघालं. दाजींनी ताईला हाक मारली, "अगं, हे म्हातारं झालंय बहुतेक." ताई म्हणाली, "पोर आहे ते. आत्ता कात टाकलीय." तिलाही लेकीनं शिकवलेलं. कात टाकायची, वाढायचं, पुन्हा टाकायची, असं बऱ्याचदा केल्यावर शेवटी पंख फुटतात. दाजी ऐकून घेत होते, आणि झुरळ? झुरळ मिशा हलवतंय.

इकडे नातीला दात आला, तो दाजींनी फोनवर पाहिला. उभी राहिली, तेही फोनवर. आणि एक दिवस फोनमधल्या दाजींना बघून पोरीनं जे भोकाड पसरलं... ओळखच विसरली! दाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उठले आणि हत्यारांची पेटी काढली. नळाची गळती बंद केली. फ्रिज ओढला, तर मागे, त्या गरम जागेत, अख्खं गाव वसलेलं! ते झाडलं, फटी बुजवल्या, रात्रीचं ओलं फडकं ओट्यावर ठेवायची ताईला बंदी. ताई म्हणाली, आयुष्यात कधी ओटा पुसला नाहीत, आता मला शिकवा. मग बिजागरांच्या मागे, नातीचा हात पोचणार नाही असे, झुरळांच्या विषारी जेलचे ठिपके दिले. आणि भाचीची ताकीद काय, तर मारायचं नाही! खाऊ द्यायचं, खाऊन घरी जाऊ द्यायचं, तिथे ते मरणार, मग बाकीची त्याला खाऊन मरणार. आता सांगा, वैरी डोळ्यांसमोर जेवतोय आणि दाजी हात बांधून बसलेत, कुजबुजतायत, "जेवतंय गं." आणि झुरळ? झुरळ मिशा हलवत जेवतंय.

पण कमी झाली. पिल्लांची पुढची फळी आली, तीही जेवून गेली. मग एक आठवडा काही नाही, दुसरा आठवडा काही नाही, आणि भाची आली! सोबत तिच्या सासूबाई, म्हणजे दाजींच्या विहीणबाई. नात आधी बिचकली, मग दाजींच्या मांडीवर चढली आणि नाक ओढायला लागली. दाजींचे डोळे भरले, नाकामुळे असेल. विहीणबाईंनी कपडे काढायला आपली बॅग उघडली, आणि बॅगेतून, घडीच्या साडीवरून, डुलत डुलत उतरलं... शेपटाशी कुपी!

विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, तुमच्याकडे अजून आहेत?"

ताईनं तोंड उघडलं. भाची बॅगेकडे बघते, बापाकडे बघते. दाजींनी मांडीवरची नात घट्ट धरली, पाय पुढे केला, कुपीसकट चिरडलं आणि म्हणाले, "हो. आमचंच आहे ते."

"लवंगा ठेवा कोपऱ्यांत," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे बघा, एक दिसत नाही."

दाजींनी लवंगा ठेवल्या, मुकाट्यानं, प्रत्येक कोपऱ्यात. आणि जेलची नळी पुन्हा खिशात घालून फिरायला लागले. काय करता? नात महिनाभर राहणार आहे, आणि बॅगसुद्धा.