चौक पाहायला आलेली पोट्टी

सुमेध : ...अन् हा पॉइंट नंबर एक. आमचा चौक. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून लय फेमस झाला.

तृप्ती : कुठे फेमस?

सुमेध : इथंच.

तृप्ती : आणि हे कारंजं?

सुमेध : पॉइंट नंबर दोन. रोज संध्याकाळी चालते, रंगीत लाइटात. तुमच्या नागपूरहून लोक येतात पाहायले.

तृप्ती : त्यात बकरी बसली आहे.

सुमेध : संध्याकाळ कुठं झाली अजून? एक मिनिट, आईचा फोन. हा, आई.

वत्सला : काय रे सुमेध, पोट्टीले आवडला का चौक? नालीकडून नेऊ नको तिले. आधीच दोन नागपूरवाल्या ‘गाव लहान आहे’ म्हणून नाही म्हणून गेल्या.

सुमेध : आई, फोन स्पीकरवर आहे.

वत्सला : ...जय भीम, बाई.

तृप्ती : जय भीम, काकू.

वत्सला : ठेवतो मी. भाजी लागून राहिली.

तृप्ती : मोबाइल दुरुस्तीचं दुकान तुमचं, आणि स्वतःचा फोन फक्त स्पीकरवर चालतो?

सुमेध : गिऱ्हाइकाचे आधी. चला, पॉइंट नंबर तीन, घड्याळ.

तृप्ती : बंद आहे.

सुमेध : बंद नाही. लंडनचा टाइम दाखवते.

तृप्ती : लंडनला दिवसभर पावणेचारच वाजलेले असतात?

सुमेध : मोठं शहर आहे. टाइम लागते.

तृप्ती : बरं. त्या पुलापलीकडे काय आहे?

सुमेध : तिकडं काही नाही. सावरगाव.

तृप्ती : काही नाही कसं?

सुमेध : तुम्ही नागपूरच्या, तुम्हाले नाही समजणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. मधात नदी, नदीत झेंडा, इकडून आम्ही अन् तिकडून ते दगड मारतात. म्हणतात, इकडच्या पोट्ट्यानं तिकडची पोट्टी पळवली होती, तेव्हापासून. पण सावरगाववाल्यांचा नेम कधी लागतच नाही! ज्यायले पोट्टी सांभाळता नाही आली, ते दगड काय सांभाळतील?

तृप्ती : असं.

सुमेध : निरे तोंडाचे मोठे.

तृप्ती : माझी आई सावरगावची.

सुमेध : सावरगावची? ह्याच सावरगावची?

तृप्ती : चौथीपर्यंत मी मामाकडेच होती. शाळेतून येताना ह्याच कारंज्यात पाय धुवत होतो आम्ही. पावसाचं पाणी साचे त्याच्यात. चालताना तर कधीच नाही पाहिलं.

सुमेध : पण बायोडाटात मामाचं गाव...

तृप्ती : मीच लिहू नाही दिलं. म्हटलं, इथला माणूस नागपूरवालीले काय काय सांगते, ते तर पाहू.

सुमेध : अन् घड्याळ?

तृप्ती : तेव्हाही पावणेचारच.

सुमेध : मग मले बोलू कायले दिलं?

तृप्ती : लय मस्त बोलून राहिले होते तुम्ही. बकरीपर्यंत तर माझा होकारच होता.

सुमेध : अन् आता?

तृप्ती : आता एक तरी खरी गोष्ट दाखवा.

सुमेध : खरी... मग इकडं या. ह्या कट्ट्यावर.

तृप्ती : हा पॉइंट नंबर चार?

सुमेध : ह्याले नंबर नाही. दुकान बंद केलं की मी इथं बसतो. संत्र्याची गाडी गेली की वास येते. मंग तिकडचे लाइट लागतात. बरं वाटते पाहायले.

तृप्ती : तिकडचे म्हणजे?

सुमेध : सावरगावचे. कोणाले सांगू नका. थांबा, पुन्हा आई.

वत्सला : काय म्हणते रे पोट्टी?

सुमेध : आई, ते सावरगावची भाची निघाली.

वत्सला : अवो माय! तू त्यायच्याबद्दल काही बोलला तर नाही ना?

सुमेध : सगळंच बोललो.

तृप्ती : काकू, मी मामाले विचारतो अन् सांगतो.

वत्सला : विचार, बाई. अन् हा पोट्टा तसा वाईट नाही, फक्त बोलते जास्त.

सुमेध : आई, ठेव आता. ...मामा दगड तर नाही मारणार?

तृप्ती : मारू द्या. आमचा नेम कुठं खरा आहे?

सुमेध : मग काय करू? घरी सोडू तुम्हाले?

तृप्ती : थोडे सरका तिकडं. लाइट लागू द्या.