म्हशीची बॅटरी

बॅटरीवाली : काका, आधी त्या स्टुलावर टेका बरं. तुम्ही असे दुकानभर फिरत राहिलात तर मला मीटरवरचा आकडा वाचता येत नाही.

सुतार : बसून काय होणार? बारा वाजता नर्सबाई गाडी न्यायला येणार. साडेनऊ होऊन गेले.

बॅटरीवाली : टेंपोत बघितली मी तुमची ती चार जाड चाकांची, फटफटीसारख्या हँडलची म्हैस. चाकं धुतलेली. मला वाटलं विकायला काढलीत. तिच्या अंगावर चिखल नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. सिस्टर म्हणायच्या, म्हैसच ती, सकाळी धुवा, संध्याकाळी परत डबक्यात.

सुतार : विकत नाही. देतोय. वरच्या वस्तीला नवी नर्स आली ना, तिला. दोन महिने पायी चढतेय ती. दोन तास वर, दीड तास खाली, पाठीवर लशींची पेटी. आमची ही, तुमची सिस्टर, होती तेव्हा म्हैस तोच चढ वीस मिनिटांत काढायची.

बॅटरीवाली : मग चांगलंच आहे की. नर्सची गाडी नर्सकडे.

सुतार : चांगलं आहे म्हणून तर हो म्हणालो. आणि काल संध्याकाळी म्हटलं एकदा चालू करून बघू, तर नुसतं टक टक. दिवा लागतो, पण इंजिन फिरत नाही. चार्जरला लावून ठेवली. सकाळी परत तेच.

बॅटरीवाली : बघू. आत्ता नुसती ठेवलीय तर बारा पॉइंट तीन व्होल्ट दाखवतेय. वरवर बरी दिसते. आता लोड लावते, खरा जोर बघते. हं, हे बघा. सातावर आली. गेली ही.

सुतार : दीड वर्षात? तूच दिली होतीस. तीन वर्षं तरी जाते म्हणाली होतीस.

बॅटरीवाली : जाते. नीट वापरली तर.

सुतार : माझ्याएवढी नीट कोणी ठेवली नसेल. टोपणं उघडून बघ. पाणी बघ.

बॅटरीवाली : पाणी एकदम बरोबर आहे. सहाच्या सहा घरांत सारखं. हे कोण भरतं?

सुतार : मी. दर पहिल्या तारखेला. डिस्टिल्डच, नळाचा एक थेंब नाही. प्लेटा बुडतील इतकं, काठापर्यंत नाही. तिनंच दाखवलं होतं. गाडी तिची, पाणी माझं, असं होतं आमचं.

बॅटरीवाली : आणि त्या गेल्यावर? आठ महिने गाडी उभीच ना?

सुतार : उभी कुठली. रोज चालू करत होतो. सकाळी साडेसातला. दोन मिनिटं. मग बंद. एक दिवस चुकवला नाही.

बॅटरीवाली : फिरवून आणायचात?

सुतार : मला कुठे चालवता येते. मी मागे बसणारा माणूस. अंगणात उभ्या उभ्या चालू करायचो.

बॅटरीवाली : काका, रागावू नका. तुम्हीच मारलीत मग ही.

सुतार : काहीतरी बोलू नकोस.

बॅटरीवाली : खरं सांगते. सेल्फ मारला की बॅटरीतून एका दमात जे जातं, ते भरून यायला गाडी अर्धा तास तरी पळायला हवी. दोन मिनिटांत घेतलेलंही परत मिळत नाही. म्हणजे रोज थोडी उपाशी. तशा अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर बसतो. तो एकदा घट्ट झाला की रात्रभर चार्ज करा नाहीतर आठवडाभर. तिला हातच लावला नसतात, नुसती वायर काढून ठेवली असतीत आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावली असतीत, तर आज जिवंत असती.

सुतार : हातच लावला नसता तर.

बॅटरीवाली : कोणी सांगितलं होतं तुम्हाला रोज चालू करायला?

सुतार : कोणी कशाला सांगेल. ती साडेसातला निघायची. आवाज आला की मी रंधा हातात घ्यायचो. तीस वर्षांची सवय. आवाज नाही तर माझे हात चालत नाहीत. सुतार आहे मी, हात चालले नाहीत तर करू काय? जाऊ दे. तू नवी बॅटरी काढ. अशीच. पाण्याचीच.

बॅटरीवाली : थांबा, घाई नको. तीन प्रकार आहेत. ही लिथियमची. उचलून बघा, डब्यासारखी हलकी. पण थंडीत सकाळी सुस्तावते, चार्जर वेगळा लागतो, आणि वर वस्तीत बिघडली तर कोणाला कळणार नाही. ती नको. ही सीलबंद. हिला टोपणं नाहीत, पाणी नाही, काही नाही. आणि ही तुमची जुनी पाण्याची. मला विचाराल तर सीलबंद.

सुतार : मी विचारलं नाही.

(सुताराची मुलगी टेंपोपाशी उभी होती, ती आत येते.)

मुलगी : बाबा, टेंपोवाला विचारतोय किती वेळ. त्याला अकराला दुसरीकडे जायचंय. झालं का?

बॅटरीवाली : कुठे झालं. तुझे बाबा पाण्याच्या बॅटरीवर अडून बसलेत.

मुलगी : अडून बसले का? म्हणजे बसले एकदाचे. काल संध्याकाळपासून टेकले नाहीत. पहाटे उठून बघते तर हे अंगणात टॉर्च घेऊन गाडीभोवती.

सुतार : तू गप. आपल्याला सवयीची घ्यायची. नवीन खेळ नकोत.

बॅटरीवाली : काका, गाडी चढावर तिरकी होते. पाण्याच्या बॅटरीतलं ॲसिड वाफ जायच्या बारीक नळीतून बाहेर येतं. दगडांवर आदळून प्लेटा हलतात. डांबरी रस्त्यावर ठीक आहे ती. तुमची म्हैस कधी डांबरावर गेली?

सुतार : दीड वर्ष चालली ना? त्याच्याआधीचीही पाण्याचीच होती.

मुलगी : बाबा, ती सांगतेय ते ऐका ना. काम तिचं आहे. तुमच्याकडे कोणी येऊन म्हणालं की दाराला चिकटपट्टी लावा, बिजागरी नको, तर तुम्ही काय कराल?

सुतार : हाकलून देईन.

मुलगी : मग ही तुम्हाला हाकलत नाही हे नशीब समजा. सीलबंद घेऊ. पाणी घालायची कटकट नाही. त्या नर्सला कुठे वेळ आहे दर महिन्याला टोपणं उघडायला?

सुतार : तिला कोण उघडायला सांगतंय? मी उघडीन की. तिनं फक्त पहिल्या तारखेला गाडी आमच्याकडे आणायची. दहा मिनिटांचं काम. मी पाणी घालीन, टर्मिनल पुसून देईन, पट्टा बघीन.

मुलगी : आणि त्यासाठी ती दर महिन्याला वस्तीवरून खाली येऊन, बाजार ओलांडून आपल्या गल्लीत येणार?

सुतार : का नाही येणार? पाण्याची असली तर यावंच लागेल.

मुलगी : बाबा.

सुतार : बाबा बाबा करू नकोस. सीलबंद बसवली की काम संपलं. ती बारा वाजता येणार, किल्ली घेणार, जाणार. मग कशाला वळतेय इकडे? तुला काय, तू उद्या तुझ्या घरी जाशील. अंगणात चार चाकांचे डाग राहतील तेवढे.

मुलगी : हे तुम्ही कालच सांगायचं होतं. मी म्हटलं असतं, नका देऊ.

सुतार : देणारच आहे. द्यायचीच आहे. त्या नर्सच्या टाचा बघितल्यास? चढून चढून फुटल्यात. मी कुठे नाही म्हणतोय. फक्त गाडी महिन्यातून एकदा दिसावी, एवढंच. त्यात कोणाचं काय जातं?

बॅटरीवाली : काका, एक सांगू? सांगायचं नव्हतं खरं.

सुतार : सांग. आज सगळ्यांनी सांगून घ्या.

बॅटरीवाली : दीड वर्षापूर्वी सिस्टर आल्या होत्या तेव्हा मी त्यांनाही सीलबंदच काढून दिली होती. त्यांना पटली होती. पैसे काढायला पर्सही उघडली. मग म्हणाल्या, नको, पाण्याचीच दे. मी म्हटलं, सिस्टर, त्या चढावर? तर म्हणाल्या, आमच्या ह्यांचं पहिल्या तारखेचं काम जाईल. आदल्या दिवसापासून बाटली आणि नरसाळं धुऊन ठेवतात.

सुतार : असं म्हणाली?

बॅटरीवाली : हसत म्हणाल्या. मी पण हसले. पुढे एकदा वायर बदलायला आल्या होत्या, तेव्हा त्यांच्या कोटाला खाली भोकं पडलेली. ॲसिडची. मी ओळखली. म्हटलं, आता तरी बदला. म्हणाल्या, कोट जुनाच आहे.

सुतार : तो खाकी कोट?

बॅटरीवाली : खाकीच.

सुतार : मला म्हणाली करवंदीच्या जाळीत अडकला. मी ठिगळं लावून दिली. एक ठिगळ लावलं की पुढच्या महिन्यात बाजूला दुसरं भोक. मी तिला बोललोसुद्धा. म्हटलं, वाटेत जाळी आहे तर बघून चालवावं माणसानं.

मुलगी : पायालाही होते डाग. घोट्याच्या वर. मला म्हणाली होती, तेल उडालं.

सुतार : तुला पण खोटं सांगितलं म्हणजे.

मुलगी : तुम्हाला कळू नये म्हणून असेल. मला तरी कुठे कळलं.

सुतार : मी पाणी नीट भरत होतो ना? माझ्या भरण्यात चूक नव्हती?

बॅटरीवाली : तुमच्या भरण्यात काहीच चूक नव्हती, काका. बॅटरी त्या वाटेची नव्हती, एवढंच.

सुतार : टेंपोवाल्याला सांग थांबायला. त्याचं अकराचं काम मी बघतो काय ते. आणि तू, ती दुसरी काढ.

बॅटरीवाली : कुठली?

सुतार : टोपणं नसलेली. आणि पूर्ण चार्ज केलेली दे. कोरी खोक्यातली बसवून देऊ नकोस.

बॅटरीवाली : कालच चार्ज करून ठेवलीय एक. पण विचार करा, ही बसवली की खरंच हिच्यात तुमचं काही काम नाही.

सुतार : कळलं मला ते. चल टेंपोपाशी. खाली रबर टाक जाड. पट्टा मी आवळतो, तुझ्या हातात तेवढा जोर नाही. पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह नंतर. एवढं येतं मला.

मुलगी : बाबा, हळू. पट्टा निसटतोय. मी धरते.

सुतार : धर. तिकडून. हां. आता हलवून बघ.

मुलगी : हलत नाही.

सुतार : जोरात हलव. दगडावरून उतरते गाडी, पाळण्यात नाही बसायचंय तिला.

मुलगी : नाही हलत, बाबा.

बॅटरीवाली : छान बसली. आता हे वॉरंटीचं कार्ड तेवढं भरते. आजची तारीख. बॅटरीचा नंबर. नाव सिस्टरांचंच लिहू? जुन्या कार्डावर त्यांचं आहे.

मुलगी : बाबांचं लिहा.

सुतार : माझं नको. जी चालवणार तिचं लिही. उद्या काही झालं तर तिला यावं लागेल कार्ड घेऊन.

बॅटरीवाली : बरं. काय नाव नर्सचं?

सुतार : काय गं नाव तिचं?

मुलगी : मला काय माहीत? मी परवा आले. तुमच्याच दारात थांबते ना ती येता-जाता? तुम्हीच सांगत होता, पाणी पिते, पायरीवर पाच मिनिटं बसते म्हणून.

सुतार : बसते. दोन महिने बसतेय. मी तिला नवीच म्हणतो. "काय नवी, आज उशीर?" ती हसते आणि जाते.

बॅटरीवाली : मग काय लिहू, काका?

सुतार : तेवढी जागा मोकळी सोड. बारा वाजता विचारतो.