काटकोनी नळी आणि तिच्यातला आरसा

नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे. दुकानात आणि घरी मला भडक्या म्हणतात. वय बावीस. काम : कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात मदतनीस. शिक्षण : कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडले. (का सोडले ते इथे लागत नाही, असे हवालदारसाहेब म्हणाले.) राहणार : दुकानाच्या वरची खोली, मामांकडे. दुकान मामांचेच आहे.

समक्ष हजर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून देतो की,

आज सकाळी बागेत जो प्रकार झाला त्यात सदर बाईंची काही चूक नाही. सदर बाई म्हणजे फोटो काढणारी, जिचा कॅमेरा आत्ता तुमच्या टेबलावर आहे. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. "सदर बाई" असे लिहायला मला साहेबांनी सांगितले. मी तिला तशी हाक मारत नाही. मी तिला अजून कशीच हाक मारलेली नाही.

सदर बाई दोन महिन्यांपूर्वी प्रथम दुकानात आल्या. लहान मुलांच्या एका पुस्तकासाठी त्या गुडघ्याच्या खाली राहणाऱ्या सगळ्यांचे फोटो काढतात. म्हणजे मुंग्या, गोगलगायी, अळंब्या, नळाखालचे शेवाळ. गेल्या वर्षी त्या जिन्यावरून पडल्या आणि पाठीचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून पोटावर झोपून मान वर करता येत नाही. कॅमेरा जुना आहे, त्याचा मागचा, चित्र दिसायचा पडदा बाहेर वळत नाही. त्या म्हणाल्या, "मला जमिनीवरचं बघायचंय, पण जमिनीवर न झोपता. होईल?" मामा म्हणाले, "बघू." मी म्हणालो, "होईल." मामांनी माझ्याकडे पाहिले.

मी खालील वस्तू बनवून दिल्या. एक, मूठ कापलेला जुना तवा. मधोमध भोक पाडून त्यावर कॅमेरा अडकवायचे, चहूकडे फिरणारे डोके बसवले. कॅमेरा जमिनीपासून पाच बोटांवर बसतो, तवा ओल्या गवतावरून सरकतो आणि माती वर येत नाही. दोन, कॅमेरा टेकवायला जाड कापडाची उशी. तिच्यात मी आधी सुके वाटाणे भरले होते. ती गवतात भिजली आणि चौथ्या दिवशी उशीला मोड आले. सदर बाई ती उशी घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुझी उशी जिवंत झाली." त्या हसत होत्या. मग मी प्लास्टिकचे मणी भरले. तीन, गुडघ्यांच्या गाद्या. फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रीला मी तास-दीड तास बघत बसलो, तेव्हा पट्टा गुडघ्याच्या मागे नाही तर पोटरीवर बांधायचा हे कळले. चार, बटण दाबायची लांब वायर, म्हणजे वाकावे लागत नाही.

पाचवी वस्तू काटकोनी नळी. ती कॅमेऱ्याच्या मागे, डोळा लावतो तिथे बसते. कॅमेरा समोर बघतो आणि आपण वरून, विहिरीत बघावे तसे बघायचे. मान ताठ राहते. या नळीबद्दल पुढे लिहितो, कारण सगळे तिथेच आहे.

आज सकाळी सहा चाळीसला मी बागेत होतो. उशीत मणी कमी वाटत होते म्हणून भरून आणली होती. (साहेबांनी विचारले, उशी दुकानात देता आली नसती का. आली असती.) तळ्याकडच्या तिसऱ्या बाकाखाली गोगलगायीने अंडी घातली आहेत. साबुदाण्याएवढी असतात. सदर बाई नऊ दिवस त्यांच्यासाठी येत आहेत, आज-उद्या फुटतील असे म्हणत होत्या. त्या ठेंगण्या स्टुलावर बसून नळीत बघत होत्या. मी कुंपणाच्या मेंदीमागे उभा होतो. किती वेळ ते मोजले नाही.

हिरवळीवर बायकांचा व्यायाम चालू होता. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात शिट्टी असते, म्हणून त्यांना मी शिट्टीबाई लिहितो, राग नसावा. त्यांना कॅमेरा दिसला. त्यांनी शिट्टी मारली आणि ओरडल्या, "ए बाई, कॅमेरा तिकडे फिरव!" सदर बाई दचकल्या. त्यांनी कॅमेरा फिरवला. तो व्यायामाकडे फिरला. शिट्टीबाई ओरडल्या, "अगं तिकडे म्हणते ना!" सदर बाईंनी आणखी फिरवला. तो आणखी व्यायामाकडे गेला. तिसऱ्यांदाही तेच झाले. वायर मुठीत होती, घाबरून मूठ आवळली आणि तीन फोटो निघाले. त्यात चौदा पाय आहेत.

शिट्टीबाई धावत येऊन म्हणाल्या, "लाज नाही वाटत? तीनदा सांगितलं, तिन्हीदा मुद्दाम आमच्याच अंगावर फिरवलास! आणि मान बघा कशी खाली, जशी काही पोथी वाचतेय!" सदर बाई म्हणाल्या, "अहो, मी बाजूलाच नेत होते." शिट्टीबाई म्हणाल्या, "मग माझे डोळे फुटलेत का?" आणि शिट्टी जोरात वाजवली, सदर बाईंच्या कानाशी.

तेव्हा मी मेंदीतून आलो. मी शिट्टी ओढली, दोरी तुटली, मी ती तळ्यात फेकली. हे मी कबूल करतो. शिट्टी बुडाली नाही. एक बदक तिच्यामागे गेले. मी शिट्टीबाईंना हात लावलेला नाही, पण जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही आणि त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत. सदर बाई मला म्हणाल्या, "तुला कोणी बोलावलं होतं?"

आठ वाजता आम्ही सगळे इथे आलो. शिट्टीबाईंची मागणी होती की कॅमेरा जप्त करावा आणि सदर बाईंना बागेत पुन्हा येऊ देऊ नये. मी आल्यापासून टेबलावर हात आपटून सांगत होतो की ती असे करूच शकत नाही. साहेब म्हणाले, "ओरडून खरं होत नाही, बस." सदर बाईंनी इथे आल्यावर एकच गोष्ट विचारली, अंड्यांवर ऊन किती वाजता येते ते कोणाला माहीत आहे का.

मग साहेबांनी सहज कॅमेरा उचलून नळीला डोळा लावला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. म्हणाले, "अरे, हे आकडे उलटे का?"

मी टेबलावरचा हात खाली घेतला.

सदर बाई म्हणाल्या, "सगळ्याच नळ्यांमध्ये असंच असतं साहेब. डावं ते उजवं दिसतं. सवय करावी लागते. मी घरी टेबलावर चमचे मांडून सवय केली." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "यानंच सांगितलंय. याला कळतं यातलं."

साहेब, तेव्हा मी कागद मागितला तो यासाठी.

सगळ्या नळ्यांमध्ये असे नसते. चांगल्या नळीत लोलक असतो, तो चित्र सरळ करून देतो. मी लोलक लावला नाही. मी आरसा लावला. पावडरच्या डबीच्या झाकणातला आहे, कडेला अजून गुलाबी रंग दिसेल. आरशात डावे-उजवे उलटते हे मला माहीत होते. मामांनी बजावले होते, "भडक्या, लोलक मागवलाय, दहा दिवस थांब. डोळ्याशी खेळ नको." पण सदर बाई म्हणाल्या होत्या की दहा दिवस लागणार असतील तर त्या चौकातल्या दुसऱ्या दुकानात विचारतील. त्या दुकानात एक जण आहे, तो पदवीधर आहे आणि हळू बोलतो. मी दोन दिवसांत नळी दिली. त्यांनी विचारले, "हे उलटं दिसतंय, बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "सगळ्यांत असंच असतं." एवढे एकच वाक्य. त्या वाक्यावर विसंबून सदर बाईंनी घरी चमचे मांडले.

आज शिट्टीबाई त्यांना नळीत डाव्या कडेला दिसत होत्या, म्हणून त्यांनी कॅमेरा उजवीकडे नेला. शिट्टीबाई खऱ्या उजवीकडेच होत्या. शांतपणे काम करताना सवय टिकते, शिट्टी वाजल्यावर हात जन्मापासूनच्या सवयीचे ऐकतो. म्हणजे त्या प्रत्येक वेळी बाजूलाच नेत होत्या. चौदा पायांचे फोटो माझ्या आरशाने काढले.

हे मी तोंडी सांगितल्यावर साहेबांनी शिट्टीबाईंना नळी लावून बघायला दिली आणि म्हणाले, "बाई, ते कपाट दिसतंय ना, त्याच्यापासून कॅमेरा दूर न्या." शिट्टीबाईंनी दोनदा नेला. दोन्ही वेळा कॅमेरा कपाटावर जाऊन थांबला. त्यांनी नळी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पोरीवर माझी तक्रार नाही. पाय पुसून टाक म्हणावं. तक्रार शिट्टीची आहे." नंतर त्या बाहेरच्या बाकावर सदर बाईंशेजारी जाऊन बसल्या, आणि पाठीच्या ऑपरेशनला किती टाके पडले ते विचारत होत्या.

सदर बाई माझ्याशी बोललेल्या नाहीत. शिट्टीबाईंचे बघून झाल्यावर त्यांनी नळी कॅमेऱ्यापासून फिरवून काढली, माझ्यासमोर ठेवली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मला रागाची भाषा येते.

माझी विनंती एवढीच की कॅमेरा त्यांना आत्ताच परत द्यावा, कारण बागेतल्या बाकाखाली ऊन साडेदहाला येते आणि त्याआधी त्यांना तिथे पोचायला हवे. मी बघितले आहे. शिट्टीची जबाबदारी माझी. मामांना मी स्वतः सांगेन.

आणखी लिहितो की, मी मेंदीमागे का उभा होतो याचे खरे उत्तर उशी हे नाही. मला ती आवडते. काम करताना ती गोगलगायीशी हळू आवाजात बोलते, "थांब गं, घाई नाही," असे म्हणते, आणि मला आजवर थांब एवढेच लोक म्हणाले आहेत, घाई नाही असे कोणी म्हटलेले नाही. साहेब म्हणाले, हे प्रकरणाला धरून नाही, खोड. मी खोडलेले नाही. दुसऱ्यांदा कमी सांगायची माझी इच्छा नाही.

वरील जबाब हवालदारसाहेबांनी मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. वाचताना दार उघडे होते. शेवटच्या परिच्छेदाशी ते थांबले आणि दार लोटू का, असे त्यांनी मला विचारले. मी नको म्हणालो. मग त्यांनी तोही तेवढ्याच आवाजात वाचला. बाहेरच्या बाकावरून कोणी उठले की तो करकरतो, हे मी सकाळपासून ऐकत आहे. वाचन संपेपर्यंत आणि संपल्यावरही तो करकरला नाही. मजकूर मी लिहिला तसाच आहे, बरोबर आहे, म्हणून सही करतो.