चांगुणाबाईनं जहाज सोडलं

बोला, ज्याच्या दारात राव आणि रंक एकाच पायरीवर बसतात, त्या देवाचा जयजयकार! — अहो, एवढ्याशा आवाजात? देव काही माझ्यासारखा तुमच्यापुढं तीन हातांवर उभा नाही! पुन्हा एकदा! ... हां! आता पोचलं.

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. धीट कोणाला म्हणायचं?

साथीचे दिवस आठवा. जरा मागं वळून बघा. आपल्यातले किती धीट होते! पोलीस दिसला की मास्क नाकावर — पोलीस वळला की मास्क हनुवटीवर! "मी नाही घाबरत कोणाला!" असं म्हणत भर बाजारात खोकणारे धीट! लग्नाला पन्नास माणसांची परवानगी, आणि जेवायला पाचशे धीट! हसू नका, हसू नका. त्या पाचशेंत मीही होतो असं आमचे पेटीवाले आत्ता डोळ्यांनी सांगतायत.

तर धीट कोण? नियम मोडतो तो? की पाळतो तो? की — आणि इथंच खरी मेख आहे — नियम पाळूनसुद्धा जो थांबत नाही, तो? उत्तर मी देणार नाही. उत्तर चांगुणा नाखवीण देईल.

अलिबागच्या खाली, समुद्रकाठी एक कोळीवाडा आहे. तिथली ही चांगुणाबाई. सत्तरीची. काळी, काटक, आवाज असा की तिनं "घ्या बोंबील!" म्हटलं की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची! तिचा नवरा जोमा नाखवा, स्वतःच्या होडीचा मालक. एका श्रावणात दर्यात गेला. होडी आली. नाखवा आला नाही.

मंडळी, कोळणीचं आयुष्य ठाऊक आहे का तुम्हाला? नवरा समुद्रात, बाई काठावर. मासळी बाई विकणार, जाळी बाई शिवणार, पण होडीत पाय? नाही! बाईमाणसानं मासेमारीच्या होडीत चढायचं नाही, अशी त्यांची रीत. आयुष्यभर जी बाई समुद्रावर जगली, तिनं समुद्र पाहिला तो फक्त काठावरून. आणि जोमा गेल्यावर तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. जिथून जमीन दिसत नाही तिथवर एकदा जायचं. तो जिथं राहिला, तिथवर.

बोलली नाही कोणाला. पाटी डोक्यावर घेतली, मुलगा शिकवला. मोरेश्वर त्याचं नाव. ठाण्याला बँकेत साहेब झाला. बायको प्रणाली, दोन लेकरं. चांगलं चाललं होतं. मग साथ आली. तिनं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या घरातलं कोणी गेलं नाही असा या मांडवात एक तरी आहे का?

पहिल्या दोन लाटा ओसरल्या. लसी झाल्या. आणि एके दिवशी मोरेश्वरचा फोन आला. "आये, मुंबईहून जहाजं सुटायला लागलीत. क्रूझ! गोव्याला जातं, पुढं लक्षद्वीप. आम्ही चौघं जाऊन येतो. पोरं दीड वर्ष घरात कोंडलीत."

चांगुणा म्हणाली, "पाच जणं."

"म्हणजे?"

"मी पण येतंय."

"आये, तुझं वय! वयस्कर माणसांनी गर्दी टाळावी असं सगळे सांगतायत —"

"नियमात लिवलंय का, म्हातारीनं चढू नये म्हणून?"

"नाही, तसं नाही लिहिलेलं. पण —"

"मंग पणबिण ठेव तिकडं. लस घ्यायला सांगितली, घेतली. दुसरी पण घेतली. अजून काय पाहिजे ते सांग, ते पण करतंय. पण मी येतंय!"

वाड्यात बातमी पसरली. धर्मा नाखवा, तिचा दीर, दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, लोकं मेलीत नि तू जहाजावर मजा मारायला चाललीस? शोभतं का?"

चांगुणा मासळी साफ करत होती. सुरी खाली ठेवली नाही. म्हणाली, "धर्मा, तुझा भाऊस गेला तवाबी तू दारात येऊन बोललास, बाजारात बसू नको, शोभत नाय. बसले नसते तर मोरेश्वरला काय, तू शिकवणार होतास?"

धर्मा गेला. सुरीकडं बघत बघत गेला!

आता मोरेश्वर म्हणजे बँकेचा माणूस. सगळं नियमानं! त्यानं जहाजाचे नियम मिळवले, आणि रोज संध्याकाळी आईला फोनवर वाचून दाखवायचा. मास्क सतत. जेवण पाळीपाळीनं. वाढून घ्यायचं नाही, वाढणारा वाढील. पोहण्याच्या हौदात एका वेळी मोजकीच माणसं. नाच — अंतर राखून!

"अंतर राखून?" चांगुणा हसली. "आरं, कोळ्याचा नाच अंतर राखून कसा व्हायचा? एक दादर पश्चिमेला नि दुसरा पूर्वेला?"

मग निघायच्या दोन दिवस आधी ती नाकातली काडी! आठवते ना? ओहो, माना कशा हलल्या! मेंदूपर्यंत जायची ती काडी! चांगुणा आदल्या आठवड्यातच ठाण्याला येऊन राहिली होती. लॅबवाला काडी घेऊन आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "घाल बाबा. या नाकानं चाळीस वर्सं शिळी मासळी नि ताजी मासळी ओळखलीय. तुला काय ओळखायचं ते ओळख."

पाचही जणांचा अहवाल आला. सगळे चांगले! आजार कोणालाच नाही. मोरेश्वरनं देवापुढं पेढे ठेवले.

निघायचा दिवस उजाडला. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान. चांगुणेनं नऊवारी हिरवं लुगडं नेसलेलं, केसांत अबोली नि मोगरा. मुंबईत शिरल्यावर ती म्हणाली, "मोरेश्वर, गाडी भाऊच्या धक्क्यावरनं घे. तुझ्या बापासची मासळी तिथं उतरायची. एकदा बघते."

गाडी धक्क्याजवळ आली. मंडळी, तुम्ही गेलायत का तिथं? मासळीचा बाजार! बर्फ, पाणी, टोपल्या, आणि तो वास! लेकरांनी मास्कवर हात दाबले. "श्शी! आजी, काच वर कर!" प्रणालीनं पदर नाकाला लावला. मोरेश्वर, कोळ्याचाच पोर तो, पण बँकेत बसून नाजूक झालेला. त्यानंही तोंड फिरवलं.

चांगुणा मात्र काच खाली करून बघत होती. टोपल्या दिसत होत्या. बायका भांडताना दिसत होत्या. तिनं मास्क खाली केला. श्वास घेतला.

काही नाही.

पुन्हा घेतला. खोल. पोटापर्यंत. काही नाही! पाणी हुंगावं तसं! केसांतल्या अबोलीशेजारची मोगऱ्याची कळी काढली, नाकाला लावली. काही नाही. मास्क वर चढवला, काच वर केली, आणि गप्प बसली.

थांबा इथं. कोणाला ठाऊक होतं? कोणालाही नाही! अंगात ताप नाही. खोकला नाही. अहवाल चांगला. गाडी गोदीपाशी थांबली, आणि समोर — मंडळी, समोर काय होतं? गोदीत पांढरं शुभ्र जहाज! दहा मजल्यांची इमारत पाण्यावर ठेवावी तसं! ज्याच्यासाठी ती सगळ्या वाड्याशी भांडली, दिराला परतवला, त्याच्यापासून ती पन्नास पावलांवर! गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचंसुद्धा नव्हतं, नुसतं गप्प बसायचं! तुम्ही बसला असता की नाही? मी बसलो असतो, बुवा. टाळ हातात घेऊन सांगतो.

तीही बसली. खोटं कशाला सांगू? रांगेत उभी राहिली. मनाशी म्हणाली, सर्दी असेल. गाडीतल्या गार हवेनं असेल. आणि वर जाऊन मी कोणाजवळ जाणारच नाही.

रांगेत पुढं एक बाई होती. पन्नाशीची, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. सिन्नरच्या वैजयंतीबाई. मागं वळून म्हणाली, "मावशी, लुगडं किती सुंदर आहे हो! मीही आणणार होते साडी, पण हे म्हणाले, वजन नको."

चांगुणा नकळत दोन पावलं मागं सरली. म्हणाली, "तुमच्या डोक्याला काय झालं, बाय?"

"केस गेले. कॅन्सर. औषधं संपली आता. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नाही, आजार लगेच धरेल, पण काळजी घेतली तर जा. वर्षानं घराबाहेर पडतेय, मावशी. ह्यांना म्हटलं, मला समुद्र दाखवा."

मला समुद्र दाखवा!

चांगुणेनं आणखी काही ऐकलं नाही. रांग सोडली, भिंतीपाशी जाऊन एकटी उभी राहिली. आणि तो आवाज — बोंबील विकणारा आवाज — मास्कमधून सगळ्या गोदीनं ऐकला! "मोरेश्वर! मना वास येत नाय!"

मोरेश्वर धावत आला. "आये, हळू! काय बोलतेस?"

"लांब उभा राहा. धक्क्यावर वास आला नाय. फुलाचा पण नाय."

"सर्दी असेल!"

"नाय सर्दी."

"आये, ऐक. रिपोर्ट आहे ना आपल्याकडं? चांगला आहे ना? एकसुद्धा नियम आपण मोडलेला नाही! एकसुद्धा!"

"कागद परवाचा हाय, मोरेश्वर. नाक आजचं हाय."

"दोन महिने मी हे जुळवतोय! पोरांकडं बघ! तू बोललीस तर आपल्या कोणालाच चढू देणार नाहीत. कोणालाच!"

लेकरं रडायला लागली. प्रणाली हात जोडून म्हणाली, "आई, खोलीतच राहा ना तुम्ही. दार लावून. कोणाला कळणार आहे?"

"मना कळलंय," चांगुणा म्हणाली. "मी विचारत नाय तुमाला. सांगतंय."

आणि गेली तपासणीच्या टेबलापाशी! चार हात अंतरावरून तिथल्या मुलीला सांगितलं. आता गंमत ऐका. त्या मुलीनं ताप मोजला. ताप नाही! अहवाल बघितला. चांगला! ती म्हणाली, "आजी, सगळं ठीक आहे, जा पुढं. वय झालं की होतं असं."

ऐकताय ना? दारवानच म्हणतोय, आत जा! अख्खं सरकार म्हणतंय, जा! आणि ही बाई कंबरेवर हात ठेवून म्हणते, "नाय जात! डाक्टरला बोलव. तो येईपर्यंत माझ्या मागच्यांना इथनं पुढं सोडू नको. लोकं आत जाण्यासाठी भांडत असतील, मी बाहेर राहण्यासाठी भांडतंय. बोलव!"

डॉक्टर आला. तिथंच पुन्हा काडी. थोड्या वेळात उत्तर आलं. होता. आजार होता.

जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा पाचही जण पुन्हा गाडीत होते. सगळ्या काचा उघड्या. मोरेश्वर एक शब्द बोलला नाही. ठाण्यापर्यंत नाही, आणि त्यानंतरही नाही. आईचं ताट दाराशी ठेवायचा आणि वळायचा.

पुढं तिला चांगलाच झटका बसला. धाप लागली, दवाखान्यात न्यावं लागलं, नाकाला प्राणवायूची नळी. मोरेश्वर बाहेरच्या बाकावर बसून राहिला. राग एकीकडं, आई एकीकडं. बाई चिवट! परत आली.

आणि घरातले बाकीचे? तुम्ही म्हणाल, बुवा आता सांगणार, सगळ्यांना झाला, चांगुणेनं जहाज वाचवलं! नाही मंडळी. कोणाला काही झालं नाही. चौघांच्या पुन्हा तपासण्या झाल्या, चौघेही ठणठणीत! आणि हेच मोरेश्वरला सहन होईना. आई घरी आल्यावर त्यानं तोंड उघडलं ते यासाठीच.

"बघ, आये! आम्ही तुझ्याबरोबर एका घरात राहिलो, एका गाडीत बसलो. कोणाला लागला? त्या बाईला तरी कशावरून लागला असता? उगाच! सगळं उगाच घालवलंस!"

चांगुणेला अजून बोलताना दम लागत होता. पण बोलली. "लागला नसता, हे तुला आज कळलं, मोरेश्वर. त्या दिवशी मना ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नव्हतं त्याच्यावर मी दुसऱ्याची बायको पणाला लावू? तुझ्या बापासला लोकं म्हणाली होती, वारा पडेल, जा, काय होत नाय. होत नाय म्हणणारी समदी काठावर होती."

मोरेश्वर उठून गॅलरीत गेला. आत आला तेव्हा त्यानं आईचे पाय दाबायला घेतले.

पुढच्या हिवाळ्यात त्यानंच पुन्हा सगळं जुळवलं. पुन्हा काड्या, पुन्हा मास्क. पाचही जण चढले! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जिथून चारी दिशांना नुसतं पाणी, जमिनीची रेघसुद्धा नाही, अशा जागी चांगुणा नाखवीण कठड्याला धरून उभी राहिली. रडली नाही. पाण्याकडं बघून एवढंच म्हणाली, "आले बघा मी."

मोरेश्वर शेजारी होता. हळूच म्हणाला, "आये, त्या दिवशी गप्प बसली असतीस तर वर्षाआधी आली असतीस इथं."

"आले असते. पण तुझ्या बापासकडं मान वर करून बघवलं नसतं."

आणि सिन्नरच्या त्या वैजयंतीबाई? त्या आदल्या वर्षी, चांगुणा परतली त्याच दिवशी जहाजावर चढल्या, समुद्र पाहिला, सुखरूप घरी गेल्या. मावशीची ओरड त्यांनी ऐकली असेल, पण हिरव्या लुगड्याची मावशी रांगेतून आपल्यासाठी गेली, ते त्यांना ठाऊक नाही. आजही नाही. कोणी आभार मानले नाहीत, हार घातला नाही, पेपरात फोटो नाही!

आता तुमच्याकडं वळतो. खाली कशाला बघताय? वर बघा! दुधात पाणी घालणारा दूधवाला नियमात बसतो, वजन तपासणारा त्याच्याच ओळखीचा असतो! पावती चोख असते, माल सडका असतो! आपण सगळे कागदावर निर्दोष, मंडळी! पोलीस सोडतो, साहेब सोडतो, दारातली मुलगीसुद्धा म्हणते, जा आजी! तुम्हाला अडवायला कोणी नसतं तेव्हा तुम्ही काय करता? सगळं जग "जा" म्हणत असताना आपल्याच जिवाच्या हौसेपुढं कंबरेवर हात ठेवून "नाय जात!" म्हणायची ताकद आहे का? ती असेल तर छाती काढून या, आणि म्हणा मी धीट! नसेल, तर गावाला धमकावत फिरू नका, तो नुसता आवाज आहे.

चला, मृदंगावर थाप पडू द्या. आता नाम घ्यायचं आहे. पण त्याआधी, जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे आणि अजून कोणाला सांगितलेलं नाही, ते मनात एकदा मोठ्यानं म्हणा. म्हटलं? मग हात वर करा, आणि म्हणा देवाचं नाव!