कॅमेऱ्याची बॅग आणि स्कूटर

आमच्या कॅमेऱ्याच्या बॅगेची गंमत सांगितली का तुम्हाला? हिंजवडीत नोकरी लागल्यावर घेतलेला पहिला कॅमेरा, त्यामुळे मी नुसता हवेत! दुकानात एकेक बॅग पाठीला लावून आरशासमोर गिरक्या घेत होतो. दुकानदार काका म्हणाले, "आलात कशावरून?"

"स्कूटरवरून."

"चालवतं कोण?"

"मीच. मागे ही, माझी बायको."

"म्हणजे बॅग यांच्या पाठीवर असणार. मग आपण कशाला मापं देताय? व्हा बाजूला!"

हिने पहिलीच बॅग अडकवली, पट्टे आवळले, म्हणाली, "हीच!"

रविवारी कात्रजच्या घाटात काय उजेड पडला होता, अरे! स्कूटर स्टँडला लावून मी धावत वळलो, तर कॅमेरा हिच्या डोळ्याला.

"अगं, मी..."

"तू हेल्मेटं धर."